विषय : डोंगरावरील पाखरांबाबत

७ एप्रिल, सोमवार

डोंगर वरपर्यंत. दोन विसावे. सर पुढे, मी वीस पावलं मागे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे अंतर काही कमी होत नाही. (सगळा गाव त्यांना सर म्हणतो, म्हणून वहीत मीही सरच लिहिते. तोंडानं अहो.)

साखरेच्या आजारापायी मी डोंगर चढायला लागले त्याला या महिन्यात दोन वर्षं. डॉक्टरनं चाल म्हटलं होतं, चढ म्हटलं नव्हतं. सर म्हणाले, सपाट रस्त्यावर काय बघायचं, ट्रॅक्टर? पहिल्या दिवशी मी अर्ध्यात बसून रडले होते. आता एक दिवस चुकला तर अंगणवाडीत पोरांवर चिडचिड होते.

आमच्या डोंगराला नकाशात नाव नाही. उंची बघून कोणी फोटोही काढणार नाही. पण माथ्यावर उभं राहिलं की खाली साखरा गावाकडचा रस्ता, नांगरून टाकलेली काळी वावरं, मधेच हळदीचं वाळवण पिवळं पिवळं, आणि पार तिकडे येलदरी धरणाच्या बाजूला पाण्याची एक रेघ. आज रेघ दिसली. हवा स्वच्छ होती.

११ एप्रिल, शुक्रवार

पळसाला नवी पानं. चारोळी धरली आहे, अजून हिरवी.

माथ्याच्या अलीकडच्या मुरमाड सपाटीवर टिटवीची अंडी, चार. उघड्यावर, खड्यांतच. सरांनी काठी आडवी धरली म्हणून, नाहीतर माझा पाय पडला असता. टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालून नुसती ओरडत होती. सर शांतपणे म्हणाले, "बघ, हिनं आरडाओरडा पण सोडला. आधी गाव डोक्यावर घ्यायची." मला तर कानठळ्या बसत होत्या. वाटलं, चेष्टा करतात. मी हसले.

सर खुशीत. वहीत अंड्यांचं चित्र काढलं. त्यांची वही वेगळी, माझी वेगळी. त्यांच्या वहीत पाखरं, माझ्या वहीत ते.

१७ एप्रिल, गुरुवार

सर दोन दिवस गप्प. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दिवाळीनंतर खडीचं क्रशर सुरू झालंय, त्याच्यावर राग. "आवाजानं पाखरं पळाली. तांबट नाही, शिंपी नाही. पावशा एव्हाना सुरू होतो, त्याचा पत्ता नाही. डोंगर मुका झाला, सुमन."

मी भाकरी थापत होते. हं म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

वनविभागाला अर्ज तयार. तीन दिवस खपून लिहिला, दोनदा फाडला. सरांचा जीव एखाद्या गोष्टीवर आहे हे ओळखायचं कसं? त्यांनी तिच्यासाठी अर्ज केलेला असतो. मुलीचं ॲडमिशन, शाळेची भिंत, स्टँडवरचा दिवा. माझ्यासाठी अजून एकही केलेला नाही.

सकाळी डोंगरावरून आल्यावर सह्या घेतल्या. डोंगराला येणारे सगळे, अधूनमधून येणारेही, एकूण सात. दत्तरावांचं शेत पायथ्याला आहे, ते सरांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांची दुसरी. माझी तिसरी. चहा उतू जात होता. कुठं करू म्हटलं, त्यांनी बोट दाखवलं, केली. त्यांचा कागद मी कधीच वाचत नाही. वाचायला लागले तर स्वयंपाक कधी करू.

२६ एप्रिल, शनिवार

टेंभरं पिकली. वरच्या विसाव्याला चार चार खाल्ली. साखरेचं नाव काढलं नाही, सरांनीही काढलं नाही. बिया खिशात घालून आणल्या त्यांनी, कशाला कोण जाणे.

उतरताना रोह्यांचा (पुस्तकातल्या नीलगायी) कळप. नर काळानिळा, थोराड, मान वर करून आमच्याकडे असा बघत होता की आम्हीच त्याच्या वावरात शिरलोय. पाच माद्या. आम्ही दगडासारखे बसून राहिलो. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता, हलू नको म्हणून. कळप गेल्यावरही जरा वेळ तसाच होता.

प्रज्ञाचा नांदेडहून फोन. पोरीशी बोलून झाल्यावर सर म्हणाले, "ही आजकाल तोंडातल्या तोंडात बोलून राहिली." मला तर अंगणात ऐकू येत होती.

३ मे, शनिवार

लिहू की नको.

खालच्या विसाव्याला बसलो होतो. डोक्यावरच्या पळसावर पावशा. लांब नाही, दहा हात. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, आवाज चढत चढत जातो आणि तुटतो, परत खालून सुरू. चार-पाच वेळा. मी पाखरू शोधत वर बघत होते. ते दिसलं पण, राखाडी, शेपटीवर पट्टे. सरांना दाखवायला वळले तर ते वहीत लिहीत होते. मी डोकावले.

"३ मे. पावशा : नाही."

तो ओरडत होता आणि हे लिहीत होते.

मग सगळं एकदम कळलं. टीव्हीचा रोज वाढत गेलेला आवाज. प्रज्ञाचं तोंडातल्या तोंडात. टिटवी. मागून हाक मारली तरी न वळणं. माझ्या बोलण्याकडे एकतीस वर्षं कानाडोळा करायची त्यांची सवय, त्यामुळे खरंच ऐकू येत नाही हे मला कळायलाच वेळ लागला. आणि मी रोज पावशा ऐकत होते तर मला का नाही वाटलं, की हे नाही कसं म्हणतात? मला वाटायचं, सर म्हणतात म्हणजे काहीतरी असेल. मी ऐकते तो दुसरा कोणी असेल.

चप्पल उलट्या पायांत घातली. सर म्हणाले, साखर कमी झाली का? खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. गोळी खाल्ली.

४ मे, रविवार

अर्जाची झेरॉक्स काढून वाचली. "सदर डोंगरावर पावशा, तांबट, शिंपी इत्यादी पक्ष्यांचा आवाज पूर्णतः बंद झालेला असून आम्ही खाली सह्या करणारे त्याचे साक्षीदार आहोत." खाली माझी सही. सुबक.

पायथ्याला दत्तराव भेटले. सर पुढे गेल्यावर विचारलं, भाऊ, तुम्हाला पावशा ऐकू येतो का?

"येतो की. रोज येतो. मोटरीपाशीच असतो लिंबावर."

मग सही का केली?

दत्तराव ओशाळले. "सरानं लिहिलं म्हणल्यावर बराबरच असंल ना, वहिनी. मला वाटलं ते म्हणून राहिले तो पावशा येगळा असंल. पुस्तकातला."

बाकीच्या चौघांना विचारायची गरज उरली नाही. सात माणसं, चौदा कान, सगळ्यांनी सही केली. माणसाचा इतका मान ठेवू नये.

८ मे, गुरुवार

आज सांगणार होते. माथ्यावर वारा होता, खाली ऊन अजून पोचलं नव्हतं, सर छान मूडमध्ये. पावशा लागलाच. म्हटलं, अहो, येतोय की आवाज.

"कुठं?" कानामागे हात धरून उभे राहिले. तोंड थोडं उघडं. लहान लेकरू शिट्टीची वाट बघतं तसं. पावशा ओरडत होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"भास असंल तुला," म्हणाले, आणि माझ्यासाठी हळहळल्यासारखं हसले.

मला नाही जमलं. हो म्हटलं, भास असेल.

पाखरांची नावं त्यांनी मला शिकवली. दोन वर्षांपूर्वी मला कावळा, चिमणी आणि कोंबडी एवढंच येत होतं. डोळे मिटून बस म्हणायचे, सांग किती जण बोलतात. पहिल्या दिवशी मी दोन म्हटलं, ते सहा म्हणाले. आज मी मोजले. नऊ.

१३ मे, मंगळवार

वनविभागातून फोन आला सरांच्या मोबाईलवर. तीनदा वाजला, ते पलीकडे पेपर वाचत बसलेले, मीच उचलला. पोरीचा आवाज. वनरक्षक आहे म्हणाली. शुक्रवारी सकाळी सहाला पाहणीला येते, अर्जदारांनी हजर राहावं.

सरांना सांगितलं. इतके खूश झाले की स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्रीला टाकायला निघाले. "बघ, दखल घेतात अजून. नीट लिहिलं की घेतात."

तीन दिवस. पावशा काही सुट्टी घेणार नाही. परक्या पोरीसमोर, सगळ्यांसमोर त्यांचं हसं होईल. आणि मी आधी माहीत असून गप्प राहिले, हेही कळेल. ते जास्त.

प्रज्ञाला फोन केला. "आई, तूच सांग. माझं त्यांना ऐकूच येत नाही." मग दोघी हसलो, मग ती रडली.

१५ मे, गुरुवार

तोंडानं सांगणं होत नाही. मोठ्यानं ओरडून सांगायची ती गोष्टही नाही. दुपारी अंगणवाडीच्या रजिस्टरमधला कोरा कागद फाडला आणि लिहिलं.

प्रति, मा. मुख्याध्यापक (निवृत्त), राहणार याच घरात.
विषय : आपल्या कानांबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविते की, डोंगरावरची पाखरं कुठेही गेलेली नाहीत. पावशा रोज ओरडतो. मी ऐकते, दत्तराव ऐकतात. आपणांस ऐकू येत नाही. हे मला ३ मेपासून माहीत आहे आणि मी भीतीपोटी सांगितलं नाही, ही माझी चूक. उद्या पाहणी आहे. तरी आज कळावे व नंतर कान दाखवून घ्यावेत, ही नम्र विनंती. आपली विश्वासू.

चहाबरोबर ठेवला. सरांनी चष्मा लावून वाचला. परत वाचला. चहावर साय आली. मग पेन काढलं, कागदाच्या डाव्या कोपऱ्यात तारीख टाकून सही केली. आवक टपालावर करायचे तशी. घडी घालून फाईलला लावला.

अंगणात लिंबाखाली जाऊन बसले. दिवेलागणीपर्यंत. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. जेवताना फक्त एवढं म्हणाले, "चटणी आहे का?"

चटणी वाढली.

१६ मे, शुक्रवार

इस्त्रीचा शर्ट घालून पाच वाजताच तयार. म्हटलं, नका जाऊ, मी सांगते तिला काहीतरी. मान हलवली. नाही.

वनरक्षक पोरगी कळमनुरीकडची, पंचविशीची, गाडीवर आली. चपळ. आम्ही तिघं आणि दत्तराव, बाकीच्यांना ऐन वेळी कामं निघाली. खालच्या विसाव्यापर्यंत चढलो. तिथं बसतो न बसतो तोच पळसावरून पावशा सुरू झाला, रोजच्यापेक्षा जास्तच जोरात, मेला.

पोरीनं हातातल्या अर्जाकडे बघितलं. मग आमच्याकडे. दत्तराव बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले. सर झाडाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली.

"मॅडम," सर म्हणाले, "आत्ता काय काय बोलून राहिलं, सांगा बरं."

ती चाचरली. "पावशा आहे, सर. तांबट. टिटवी लांबवर. अजून एक बारीक आवाज आहे, मला नाव नाही माहीत."

"टुवीट टुवीट, एकसारखा? घाईघाईनं?"

"हो."

"शिंपी," सर म्हणाले, आणि वहीत चारही लिहिले. खाली रेघ मारली. "अर्जात दुरुस्ती आहे. पाखरं जागेवर आहेत. अर्जदाराला कमी ऐकू येतं."

"सर, असं कसं लिहू मी?"

"तुम्ही नका लिहू. मीच लिहून देतो." मांडीवर वही ठेवून लिहिलं, एकटाकी, खाडाखोड नाही. इतर सहा सहीदारांचा दोष नाही, असंही लिहिलं. दत्तरावांनी डोळे पुसले. मला माझ्या माणसाचा इतका अभिमान वाटला की त्याच्याकडे बघवेना.

पोरगी परत निघाली होती. सर म्हणाले, अहो, माथा बघून जा, इतकं चढलात. वर नेली. येलदरीची रेघ दाखवली, घोरपडीचं बीळ दाखवलं, टिटवीची रिकामी जागा दाखवली, पिल्लं निघून गेलीत. तिनं मोबाईलवर फोटो काढले. म्हणाली, मी या डोंगरावर पहिल्यांदाच आले. क्रशरच्या धुळीसाठी वेगळा अर्ज द्या म्हणाली, तो चालेल.

१९ मे, सोमवार

तीन दिवस सर डोंगराला आले नाहीत. पाय दुखतो म्हणतात. कोणता विचारलं तर जरा थांबून डावा म्हणाले.

आज एकटीच गेले. पहिल्यांदा. वीस पावलं पुढे कोणी नाही, तर वाट अरुंद वाटते. माथ्यावर रोह्याची मादी आणि पाडस, नवं, पायांचं गणित अजून न जमलेलं. दोनदा पडलं. मनगटाकडे बघितलं मी माझ्या.

घरी येऊन मुद्दाम समोर बसून, तोंडाकडे तोंड करून सांगितलं. रंग कसा होता विचारलं. कान केवढे विचारलं. आई कोणत्या बाजूला उभी होती विचारलं. मग म्हणाले, उद्या बघू.

२४ मे, शनिवार

हिंगोली. कानाचे डॉक्टर. सरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर मी. शाळेत पोरांना बोट वर करायला लावणारा माणूस. बराच वेळ बोट वर झालंच नाही. मी काचेतून नुसती बघत होते.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, आजचे नाही, पाच-सहा वर्षांपासून जात असतील. यंत्र लावून बघा. माणसांचं बोलणं सुधारेल.

"आणि पाखरं?" सरांनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितलं. म्हणाले, सांगता येत नाही.

यंत्र कानात बसवून बघायला ३ जूनला नांदेडला बोलावलंय. सर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपले, की झोपल्यासारखं केलं.

२९ मे, गुरुवार

सर परत डोंगराला. नवी पद्धत. ते वही धरतात, मी ऐकते, आवाज काढून दाखवते, ते नाव सांगतात. माझ्या तोंडून तांबट आणि कुकरची शिट्टी सारखीच येते. तरी ओळखलं. चेहरा बघून ओळखतात म्हणे, मी आवाज काढताना तोंड कसं करते त्यावरून. वानरांचा कळप सालईवर बसून आमच्याकडे बघत होता. त्यांचंही काही चुकलं नाही.

वहीत पावशापुढे "आहे" लिहिलं. कंसात माझं नाव.

१ जून, रविवार

माथा. ढग आले होते, ऊन नाही, सगळी वावरं एका रंगाची. पाण्याची रेघ नव्हती. खूप वेळ बसलो. मंगळवारचा विषय मी काढला. सकाळच्या गाडीनं जायचं ना?

सरांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत विचारणार, तर म्हणाले, "तू वर चढताना बोलतेस का? मागून?"

म्हटलं, बोलते की. सारखी. तुम्ही उत्तर देत नाही.

"रोज?"

रोज. अंगणवाडीचं, प्रज्ञाचं, गुडघ्याचं. दोन वर्षं.

काठीनं माती उकरली. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू माझ्यासंग चढतीस ती डॉक्टरनं सांगितलं म्हणून. बोलायचं काही उरलं नाही तुझ्यापाशी. पाखरं गेली असं वाटलं तर अर्ज केला. तुझ्यासाठी कोणाकडं करणार होतो."

मी त्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली.

उतरताना मी पुढे झाले. मग ते पुढे झाले, मग कळलं की असं जमत नाही, वाट एकाच माणसाची आहे. शेवटी मी उलटी, त्यांच्याकडे तोंड करून, एक एक पाऊल मागे टाकत उतरले, त्यांनी काठीचं एक टोक मला धरायला दिलं, आणि मी दोन वर्षांचं सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मोठ्यानं, तोंड भरून. ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि मधेमधे म्हणत होते, मागं दगड आहे, डावीकडं घे.

पायथ्याला दत्तराव बांधावर उभे. "काहून भांडून राहिले सकाळी सकाळी? पार वरपासून आवाज येऊन राहिला."

सर म्हणाले, "काय म्हणतो हा?"

मी सांगितलं. सगळं सांगून झालेलं नाही अजून. आत्ता कुठं पहिल्या दिवाळीपर्यंत आले आहे.